विदरस्टोचा पूल

१

अश्लेषाला सवत होती असं कुणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते. कारण तिची सवत म्हणजे एक गाव होतं, आणि तेही इंग्लंडातलं, जेमतेम साठ उंबऱ्यांचं.

लग्नाआधी सौमित्र दोन वर्षं तिथे राहिला होता. काम जवळच्या शहरात होतं, पण शहरात मनासारखी जागा मिळेना, म्हणून त्याने विदरस्टो नावाच्या त्या खेड्यात ओढ्याकाठच्या एका घरात माडीवरची खोली घेतली. पुढे पुण्याला लग्न झालं, सिंगापूरची नोकरी आली, मीनल झाली, क्लेमेंटीतला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट आता नऊ वर्षांचा संसार सांभाळत होता. पण विदरस्टो काही सुटलं नव्हतं.

तो मुद्दाम कधी सांगत नसे, आणि हेच अश्लेषाला जास्त लागे. बोलता बोलता निसटायचं. पावसाने पलीकडची बिल्डिंग दिसेनाशी झाली की म्हणायचा, "विदरस्टोला असं धुकं यायचं, पण आवाज न करता." मीनलला घड्याळ शिकवताना म्हणाला, "तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर एकाच काट्याचं घड्याळ होतं. तासकाटा फक्त. मिनिटांची कुणाला गरजच नसायची." चर्चच्या अंगणात यू नावाचं एक झाड होतं, हजार वर्षांचं म्हणत, खोड इतकं पोकळ की आत कुणीतरी बाक टाकला होता. फोनची लाल पेटी होती, तिच्यात आता पुस्तकं ठेवलेली. आणि पूल. पूर्वी घोड्यांच्या पाठीवरून लोकर न्यायचे, तेवढ्यापुरता बांधलेला अरुंद दगडी पूल. समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला मागे सरावं लागे.

"तिथे कोण होतं तुझं?" तिने नव्या लग्नात एकदा विचारलं होतं.

"कोणी नव्हतं गं. गाव होतं."

नुसत्या दगडमातीसाठी माणूस असं गप्प होत नाही, हे तिला तेव्हाच वाटलं. पुढे तिने विचारलं नाही. मनात मात्र एक खोली त्या बाईसाठी रिकामी करून ठेवली. चेहरा नसलेल्या, नाव नसलेल्या बाईसाठी.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तो वन-नॉर्थच्या ऑफिसातून यायचा. मीनल लोखंडी जाळीचं दार उघडायची, तो वाकून बूट काढायचा, आणि खांद्यावरची बॅग न बघताच अश्लेषाच्या हातात द्यायचा. बोटांना बोटं लागायची. दिवसभरात तेवढंच ते एकमेकांचे असत, असं अश्लेषाला वाटे.

ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी तिने बॅग घेतली आणि हात झटकन मागे घेतला. त्याची बोटं गार होती. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या वाटीसारखी.

"हात किती गार तुझे."

"ऑफिसचा एसी," तो म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला.

खरंच होतं. या शहरात एसीला तोटा नाही. चहा गाळताना मग तिला आठवलं, की स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलेल्या माणसाच्या मानेवर घाम असतो. त्याच्या मानेवर नव्हता.

२

संशयाला एकदा बसायला पाट मिळाला की तो जेवल्याशिवाय उठत नाही. अश्लेषा हिशेबनिसाचं काम घरून करायची. दिवसभर आकडे जुळवायची, आणि संध्याकाळी नवऱ्याला.

त्याचे मोजे ओले असत. सिंगापूरमध्ये पाऊस कधीही येतो, हे ती स्वतःला समजावत असे. पण शर्ट कोरडा आणि मोजे ओले? गवतातून चालला असेल. एकदा बुटाच्या तळाला पान चिकटून आलं. लहानसं, पिवळं, कडेला करवतीसारखे दाते. इथली झाडं पिवळी पडत नाहीत अशी नाहीत, पण हे पान पिकून, थंडी खाऊन पडलेलं होतं. मरीना बेच्या काचघरात थंड हवेची झाडं आहेत. मग तो तिथे जातो का? आणि गेला तर कुणाबरोबर? अशी जागा माणूस एकट्याने बघत नाही.

तिने पान खिडकीत ठेवलं. तो आला, पान बघितलं. उचलून तळहातावर ठेवलं आणि बघत राहिला. तसं त्याने तिच्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

रात्रीचं जेवण चाललं होतं. मीनल शाळेतलं काहीतरी इथल्या मुलांच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगत होती. मध्येच सौमित्र म्हणाला, "पुलाचा कठडा दुरुस्त करतायत. जुनेच दगड परत बसवतायत, बरं आहे."

"कुठल्या पुलाचा?"

"विदरस्टोच्या."

"करत होते," अश्लेषा म्हणाली.

"हं?"

"करतायत म्हणालास. करत होते म्हण."

त्याने घास खाली ठेवला. एकदा तिच्याकडे, एकदा ताटाकडे पाहिलं. "हो. होते," तो म्हणाला. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा फार सावकाश बोलतो तसं.

"बाबा, यू ऑल्वेज टॉक अबाउट दॅट प्लेस, लाह," मीनल म्हणाली, आणि आमटी मागून घेतली.

३

क्षिप्रा सौमित्रच्याच टीममध्ये होती. सडसडीत, हसरी, एकटी राहणारी. अश्लेषाने मनातल्या त्या रिकाम्या खोलीत पहिल्यांदा तिलाच नेऊन बसवलं, आणि मग थेट फोन करून जेवायला बोलावलं. ऑफिसजवळ ब्युओना व्हिस्ताच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढे, दुपारची गर्दी होती, ट्रे आपटत होते, डोक्यावर पंखे फिरत होते.

"तो पाचला निघतो हल्ली," अश्लेषा म्हणाली. "घरी साडेसहाला येतो. मधल्या वेळात कुठे असतो?"

क्षिप्राने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला वाटतंय ते नाहीये, अश्लेषा."

"मला काय वाटतंय?"

"की मी." ती हसली नाही. "तो चालायला जातो. ऑफिसच्या मागे, पोर्ट्सडाऊनच्या बाजूला. गोऱ्या साहेबांचे जुने बंगले आहेत ना, रस्त्यांना सगळी इंग्रजी गावांची नावं. तिथून खाली जुन्या रेल्वेच्या वाटेवर उतरतो. लोक पळतात त्या वाटेने. मध्येच एक पायवाट डावीकडे झाडीत जाते."

"तुला कसं माहीत?"

"एकदा गेले होते त्याच्याबरोबर. म्हणाला, चल, तुला एक गंमत दाखवतो. एखाद्या लहान मुलासारखा खूश होता." क्षिप्राने चमचा खाली ठेवला. "अर्ध्यातून परत आले मी."

"का?"

"थंडी वाजायला लागली."

"सिंगापुरात?"

"म्हणून तर परत आले," क्षिप्रा म्हणाली.

 अश्लेषाचा तिच्यावर विश्वास बसला आणि त्याचाच राग आला. क्षिप्रा असती तर बरं झालं असतं. क्षिप्राशी भांडता आलं असतं.

४

दुसऱ्या दिवशी मीनलला शेजारच्या सुलेखाताईंकडे सोडून ती वन-नॉर्थला गेली. तो पाचच्या सुमारास बाहेर पडला. चाल ओळखीची नव्हती. घरी येताना तो खांदे पाडून येतो. आज तो घाईत होता. घरी निघालेला माणूस जसा चालतो तसा.

बंगल्यांच्या रस्त्याने ती त्याच्यामागे गेली. मोठमोठी रेन ट्री, फांद्यांवर नेच्यांचे गुच्छ, लॉनवर पाणी मारणारा एक माळी. जुन्या रेल्वेच्या वाटेवर दोघंतिघं पळत होते, एकाच्या कानात वायर होती. सगळं रोजचं. सौमित्र डावीकडे वळला आणि झाडांत शिरला.

तीही शिरली. आधी रातकिड्यांचा आवाज बंद झाला. आपल्या कानांना दडे बसले असतील, असं तिला वाटलं. मग हातांवर काटा आला. खाली दलदल असेल, सावली असेल, तिने स्वतःला सांगितलं. घामाने भिजलेली कुर्ती पाठीला चिकटली होती. ती बघता बघता ओल्या फडक्यासारखी गार झाली. पायाखालची पानं लहान होती, पिवळी.

धुकं आलं, आणि आवाज न करता आलं.

तिला आधी सावल्यांचा घोळ लक्षात आला. संध्याकाळ होती, ऊन तिच्या मागून यायला हवं होतं. ते समोरून येत होतं, कोवळं, तिरपं, सकाळचं. त्या उजेडात धुक्याच्या वर एक चौकोनी मनोरा होता. त्यावर पांढरी तबकडी, तिला एकच काटा. खाली ओढ्याचं पाणी वाजत होतं. पुलाच्या कठड्याचे चार दगड नुकतेच बसवलेले, मधला चुना अजून ओला दिसत होता.

सौमित्र पुलाच्या पलीकडे पोचला होता. ओढ्याकाठच्या बुटक्या घराचं दार उघडलं. त्याने मान न वळवता खांद्यावरची बॅग काढून दाराकडे धरली, आणि आतून एका हाताने ती घेतली.

तेवढंच. मनगटापर्यंत लोकरीची बाही आणि एक हात. पण तो हात चाचपडला नाही, थबकला नाही. वर्षानुवर्षं रोज बॅग घेणाऱ्या बाईचा तो हात होता.

भीती वाटायला हवी होती. अश्लेषाच्या छातीत फक्त जाळ पेटला.

"सौमित्र," ती म्हणाली. ओरडली नाही. मनगट धरून घरात ओढावं तसं तिने ते नाव उच्चारलं.

तो वळला. दारातला हात जागच्या जागी राहिला.

"घरी चल."

तो काहीतरी बोलला, पाण्याच्या आवाजात ते तिला नीट ऐकू आलं नाही. निरोप घेऊन येतो, असं काहीसं.

"निरोप नाही. काही नाही. मीनल वाट बघतेय. तू आत्ताच्या आत्ता यायचंस, आणि परत इकडे फिरकायचं नाहीस."

बराच वेळ तो उभा होता. मग ती पाठ फिरवून चालू लागली. माहेरी रुसून निघालेली बाई चालते तशी, मागे पावलं येतात का ते ऐकत. पुलाच्या दगडांवर पावलं वाजली. मग पानांवर. मग तिच्या अगदी मागे. जुन्या रेल्वेची वाट लागली, रातकिडे सुरू झाले, पाठीवर उकाडा आदळला, तरी तिने मान वळवली नाही. स्टेशनच्या दिव्याखाली त्याने तिचा हात धरला. त्याची बोटं उबदार होती.

५

त्यानंतरचे दिवस तिच्या संसारातले सगळ्यात सुखाचे.

सौमित्र वेळेवर येई. तिचा स्वयंपाक नावाजून जेवी, मीनलचा गणिताचा अभ्यास न चिडता घेई. ती बोलली की हातातलं सगळं बाजूला ठेवून ऐके. त्याच्या डोळ्यांत आता दूर कुठे बघणारं काही उरलं नव्हतं.

"आय लाइक बाबा नाऊ," मीनल एकदा म्हणाली. "ही लिसन्स."

मन खात्री करून घेतल्याशिवाय राहीना, तेव्हा एका रविवारी अश्लेषानेच विषय काढला. "ते एका काट्याचं घड्याळ कुठलं रे?"

"कुठलं घड्याळ?"

"विदरस्टोचं."

तो गोड हसला. "तुला हवंय का घड्याळ?"

ती खूश झाली. मग कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता थोडी कमी खूश झाली. माणूस दोन वर्षं टाकून देईल, पण विसरेल कशी? की मुद्दाम विसरल्यासारखं करतोय, आपल्यासाठी? तसं असेल तर चांगलंच आहे. ती स्वतःच प्रश्न विचारी आणि स्वतःच उत्तर देई, आणि उत्तर दर वेळी पसंत करी.

एक गोष्ट मात्र तिला कुठे ठेवावी ते कळेना. एकदा ती बाजारातून लवकर आली. मीनल शाळेत होती. किल्लीने दार उघडलं तर सौमित्र कोचावर बसला होता. टीव्ही बंद, फोन टेबलावर, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. डोळे उघडे. ती आत आली तरी क्षणभर काही झालं नाही. मग पंख्याचं बटण दाबल्यावर पाती हलावीत तसा तो हलला. "आलीस?" म्हणाला, उठला, आणि पिशव्या घेतल्या.

थकला असेल. हल्ली सगळेच ध्यान करतात.

दुसऱ्यांदा बघायला लागू नये म्हणून ती दाराबाहेर पिशव्या मुद्दाम आपटू लागली.

६

शनिवारी दुपारी क्षिप्राचा फोन आला. अश्लेषा बाल्कनीच्या खिडकीशी कपडे वाळत घालत होती. आत सौमित्र आणि मीनल पत्ते खेळत होते.

"सौमित्रचं काय चाललंय?" क्षिप्राने विचारलं. "काल ऑफिसात छान होता. मग संध्याकाळी तो मला त्या वाटेवर दिसला."

"काल संध्याकाळी तो घरी होता."

"तेच म्हणतेय. मी झाडीत गेले नाही. तो आत उभा होता, झाडांच्या पलीकडे. दाढी वाढलेली. इतका वाळलाय की मी आधी ओळखलंच नाही." क्षिप्राचा आवाज खाली आला. "मला म्हणाला, अश्लेषा येते का गं इकडे?"

आत मीनल हसली. सौमित्रही हसला, तिच्या पाठोपाठ, तितकाच वेळ.

"मी जरा बाहेर जाऊन येते," अश्लेषा म्हणाली. कुठे, असं त्याने विचारलं नाही.

या वेळी थंडी झाडीच्या तोंडाशीच होती. धुकं विरळ झालं होतं आणि गाव पहिल्यापेक्षा जवळ वाटत होतं. मनोरा, यूच्या झाडाचा काळा घुमट, लाल पेटी, सगळं त्याने सांगितलं होतं तसं, जागच्या जागी. ओढ्याकाठच्या घराचं दार लावलेलं होतं. पुलाच्या अलीकडच्या टोकाला, शेवटच्या दगडावर, सौमित्र बसला होता.

अंगात तोच निळा शर्ट होता, त्या दिवशीचा. मनगटांची हाडं वर आली होती. तिला बघून तो उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने लग्नाच्या मांडवातही पाहिलं नव्हतं.

"मी निघालो होतो तुझ्यामागे," तो म्हणाला. "पुलावर समोरून कुणीतरी आलं. मला मागे सरावं लागलं. मग तो वळून तुझ्यामागे गेला, आणि तू दिसेनाशी झालीस."

"कोण आलं समोरून?"

"चेहरा दिसला नाही. घाईत होता." त्याने घसा साफ केला. "मला इथून पुढे येता येत नाही गं. तू हात दे. तू दिलास तर येईल, असं वाटतंय."

ती दोन पावलं पुढे गेली. हात पुढे केलाही असता. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून तिला ते घर दिसलं. दार आता उघडं होतं. उंबऱ्यात लोकरीच्या बाहीची बाई उभी होती, तोंड सावलीत. ती सौमित्रकडे बघत नव्हती. अश्लेषाकडे बघत होती, आणि तिचा हात अर्धा पुढे आलेला होता.

"कोण आहे ती?" अश्लेषाने विचारलं.

सौमित्रने मागे वळून पाहिलं. नको तेवढा वेळ पाहिलं. मग परत तिच्याकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत तेच होतं, नऊ वर्षं तिने सोसलेलं. हा घरी येईल. बॅग हातात देईल. आणि पावसाने पलीकडची बिल्डिंग दिसेनाशी झाली की परत इथे येऊन बसेल, आयुष्यभर.

पर्समध्ये फोन वाजला. पडद्यावर त्याचंच नाव होतं.

"कधी येतेस?" तोच आवाज, जरा जास्त ताजा. "आम्ही वाट बघतोय."

पुलावरच्या सौमित्रने तो ऐकला. त्याने हात पुढे केला, बोटं पसरून, थंडीने काळीनिळी पडलेली.

"आलेच," अश्लेषा फोनमध्ये म्हणाली.

ती वळली. मागून एकदा हाक आली, पूर्ण नावाने, पुण्याचे लोक मारतात तशी. दुसरी आली नाही. ती पळत जुन्या रेल्वेच्या वाटेवर आली, तिथून रस्त्यावर, तिथून स्टेशनात. मी बरोबरच केलं, असं ती प्रत्येक वळणावर स्वतःला सांगत होती. मुलीला बाप हवा. मला नवरा हवा, अख्खा.

प्लॅटफॉर्मवर उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, की फोन अजून हातात घट्ट धरलेला आहे आणि कॉल चालूच आहे. तिने बंद केला नव्हता. पलीकडूनही कुणी बंद केला नव्हता. तिने तो कानाला लावला. पंख्याचा आवाज नव्हता, पत्त्यांचा नव्हता. श्वासाचाही नव्हता.

"सौमित्र?"

"हो," तो तत्क्षणी म्हणाला. "मी इथेच आहे."

"मीनल काय करतेय?"

"बसलीय."

"तिच्याकडे दे."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मीनलचा आवाज आला. शांत, गोड, स्वच्छ पुणेरी मराठीत. इतकं मराठी ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तू ये. आम्ही दोघं बसलोय."